मागच्या खोलीचं लायसन

लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा त्या घरात दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि आठ परके पुरुष होते. परके हा शब्द माझा. सासूबाईंसमोर तो एकदाच तोंडातून निसटला आणि दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या लेखी ती आपली माणसं होती. सगळी सासऱ्यांच्या गावची, सगळी आग्रा रोडवरच्या एकाच कारखान्यात कामाला, आणि सगळी आमच्या मागच्या खोलीत कॉट बेसिसवर राहणारी.

सासऱ्यांनी हयात असताना घराच्या पाठीमागे ती लांबट खोली कौलं घालून वाढवली होती. त्यात चार लोखंडी कॉट. प्रत्येक कॉटला दोन धनी. एक पहिल्या पाळीला गेला की दुसरा रात्रपाळीहून येऊन त्याच गादीवर पडायचा. गादी कॉटची, चादर ज्याची त्याची, कॉटखाली दोघांच्या दोन ट्रंका. एका कॉटवरचे दोघे जण आठवडेच्या आठवडे एकमेकांना धड भेटत नसत, पण एकाच्या घरी बाळंतपण असलं की दुसऱ्याला काळजी. मी लग्नाआधी गिरगावात वाढलेली, मॅट्रिक झालेली, तोंडाने फटकळ. मी नवऱ्याला म्हटलं, तुमच्या घरात माणसांना सुट्टी मिळते, कॉटना नाही.

तो हसला, पण मला हसू येत नव्हतं. आम्हा दोघांना झोपायला पुढची खोली होती आणि सासूबाई स्वयंपाकघरात झोपायच्या. मध्ये दार नव्हतं, पडदा होता. लोकांकडे भिंतीला कान असतात, आमच्याकडे भिंतच नव्हती. मोरीकडे जायची आठ माणसांची वाट पुढच्या खोलीच्या खिडकीखालून. पहाटे कुणाचं तरी टमरेल वाजलं की मी जागी. नव्या नवरीने काय काय सोसायचं याची आईने मला मोठी यादी ऐकवली होती, पण त्यात हे नव्हतं. एक खोली हवी, दार लागणारी, एवढंच मागणं मी देवाकडे करत होते. बाकी नवरा बरा होता.

त्या आठ जणांत सगळ्यात मोठे होते त्यांना सगळे थोरले म्हणत. मीही थोरले काका म्हणू लागले. सासऱ्यांनी खोली बांधली तेव्हा पहिली कॉट त्यांनीच घेतली होती. कौलं चढवायला मदत केली ती त्यांनीच, आणि सासरे गेले तेव्हा पुढचा खांदाही त्यांचाच. सासूबाईंना ते वयनी म्हणत, त्या त्यांना भावजी. अंगाने काटक, छाती जरा दुखरी, थंडीत खोकायचे. निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली होती. मग फंड घ्यायचा आणि गावी जायचं, एवढाच त्यांचा हिशोब. गावच्या घरात म्हातारी आई आणि बायको, दोघींची भिस्त त्यांच्या मनीऑर्डरवर.

कॉट कुणाला द्यायची हे सासूबाई कधी ठरवत नसत. हे मला फार उशिरा कळलं, आणि पुढचं सगळं त्यावरच आहे. एखादा गावी कायमचा निघाला की तो आपली कॉट पुतण्याला, भाच्याला, नाहीतर वाडीतल्या कुणाला तरी देऊन जायचा. आत कोण येणार आणि कोण जाणार ते खोलीतली माणसं आपसात बघायची. सासूबाई फक्त म्हणायच्या, बरा, येवूं दे. कुणाला नाही म्हणायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. तसं नाही म्हणायला त्या शिकल्याही नव्हत्या.

मग कारखान्यात टाळेबंदी झाली.

पाळ्या बंद, भोंगा बंद. आठही जण दिवसभर घरात आणि रात्रीही घरात. चार कॉटवर चौघे, चौघे खाली चटईवर, ट्रंका अंगणात. जी खोली वर्षानुवर्षं कधी भरली नव्हती ती एकदम फुटायला आली. सकाळी सगळे गेटवर जाऊन बसायचे, घोषणा द्यायचे, दुपारी कोमेजून परत. जेवण सासूबाईच करत होत्या आणि कोणी काही देत नव्हतं, त्याही मागत नव्हत्या. मी धुसफुसत पोळ्या लाटायचे. धुसफुसायला माझ्याइतकं मोकळं त्या घरात कोणीच नव्हतं.

त्याच दिवसांत आमच्या गल्लीच्या टोकाला काविळीची साथ आली आणि म्युनिसिपालिटीची माणसं घरोघर फिरू लागली. वॉर्ड ऑफिसचे एक इन्स्पेक्टर भर दुपारी आमच्याकडे आले. पूर्वीही म्हणे असे कोणी आले होते, पण तेव्हा खोलीत चौघे घोरत होते आणि बाकीचे कामावर, त्यामुळे चार कॉट, चार माणसं, विषय संपला होता. या वेळी साहेबांनी दारात उभं राहून बोटाने मोजलं आणि आठ आकडा झाला. सासूबाई म्हणाल्या, ही सगळी घरची माणसं आहेत. साहेबांनी विचारलं, घरची माणसं भाडं देतात का? सासूबाईंना खोटं बोलता येत नव्हतं. त्या पदराने हात पुसत राहिल्या.

मला वाटलं होतं, आता चहापाणी होईल आणि प्रकरण मिटेल. तो माणूस चहाही प्यायला नाही. वाईट असता तर त्याला शिव्या देता आल्या असत्या. त्याने शांतपणे समजावलं की पैसे घेऊन माणसं झोपवायची तर ते लॉजिंग झालं आणि लॉजिंगला म्युनिसिपालिटीचं लायसन लागतं. ते मिळवणं काही अवघड नाही. पण दर माणशी ठरावीक जागा हवी, उजेड-वाऱ्याला खिडकी हवी, भिंतींना चुना हवा, मोरीचं पाणी गटारात जायला हवं, आणि किती माणसांची परवानगी आहे तो आकडा दारावर रंगवायला हवा. नाही काढलं तर खोली बंद. सासूबाईंनी विचारलं, आठातले निम्मे कायम कामावर असतात, मग मोजायचे किती? ते म्हणाले, "बाई, लायसनात पाळी नसते. राहणारा माणूस तो माणूस."

मग त्यांनी मोजायची फीत काढली. एक टोक थोरल्यांनीच धरलं. खोलीचा मागचा तिसरा हिस्सा कौलाच्या उतरत्या पाख्याखाली होता, तिथे खिडकी नव्हती. तो भाग धरता येणार नाही, साहेब म्हणाले. भाडेकऱ्याला बिनखिडकीच्या जागेत झोपवता येत नाही. उरलेल्या जागेत सहा माणसं बसत होती. मागचा भाग भिंत घालून वेगळा करा, घरच्या वापराला ठेवा, त्याला आमची हरकत नाही.

घरच्या वापराला म्हणजे आमच्या. भाडेकऱ्याच्या फुप्फुसाला न चालणारी हवा सुनेला चालणार होती. असा विनोद मी आज करते. त्या दुपारी मी स्वयंपाकघरात उभी होते, आणि माझ्या छातीत आनंदाने असं काही धडधडलं की हातातलं भांडं खाली ठेवावं लागलं. दार लागणारी खोली. कुणाचं घर मोडतंय याच्याशी त्या धडधडीला काही देणंघेणं नव्हतं. मी चेहरा पडल्यासारखा केला आणि बाहेर आले.

अर्ज मीच लिहिला. ऑफिसात मीच गेले, नियम मीच वाचून घरी सांगितले. भिंतींना चुना थोरल्यांनी आणि बाकीच्यांनी मिळून फासला. कामावर नसलेल्या माणसांना काम मिळालं म्हणून ते जवळजवळ खूश होते. पत्रा आणि प्लायवूड आणून माझ्या नवऱ्याने मागच्या भागाला आडभिंत घातली, दाराला कडी लावली. कडी लावून बघताना त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान वळवली, कारण मागे थोरले खिळे धरून उभे होते.

आठातला एक आपणहून गेला. त्याचा भाऊ बोरीवलीला होता, तिथे त्याची सोय झाली. राहिले सात आणि लायसन सहाचं. आणखी एक जण जायला हवा होता आणि तो कोण, हे कोणालाच म्हणता येईना. एकाचं नुकतंच लग्न झालं होतं. एकाची बहीण उजवायची होती. एकावर गावात कर्ज. सगळ्यांत एकच गोष्ट सारखी होती: कारखाना उघडेल त्या दिवशी गेटवर हजर नसेल त्याचं नाव जाईल, अशी हूल होती. मुलुंडमध्ये ज्याला अंग टाकायला जागा नाही त्याची नोकरीही नाही, असा त्याचा अर्थ. सातही माणसं एकमेकांशी फार गोड बोलू लागली. इतकं गोड बोलणं मी त्या खोलीत पूर्वी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकवत नव्हतं.

शेवटी ती सगळी सासूबाईंकडे आली. लायसन तुमच्या नावावर आहे, तुम्हीच सांगा. सासूबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. विस्तव पुढे सारत म्हणाल्या, "माका इचारू नका. देवाक इचारा."

कोकणातल्या माणसांना याहून जास्त सांगावं लागत नाही. मला मात्र नवऱ्याकडून समजून घ्यावं लागलं. गावच्या देवळात गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. याला कौल लावणं म्हणतात. बैल घ्यायचा, विहीर खणायची, पोरीचं स्थळ, भावाभावांतली वाटणी, सगळं त्या कळ्यांवर ठरतं आणि ठरलं की ठरलं. त्यावर अपील नाही. मी म्हटलं, म्युनिसिपालिटीच्या लायसनाला देवाचा कौल? नवरा म्हणाला, तुझ्याकडे दुसरा उपाय असेल तर सांग. नव्हता.

गावी कोण जाणार, तर थोरले. आईची तब्येत बघून येतो आणि कौलही लावून येतो, असं ते म्हणाले. सगळ्यांना बरं वाटलं, कारण खोलीत त्यांच्याइतका विश्वास कोणावरच नव्हता. एस.टी.चं तिकीट सगळ्यांनी मिळून काढलं. सातही नावं ते देवासमोर एकेक करून घेणार होते. ज्याच्या नावावर उजवा कौल पडेल तो जाणार.

ते परत आले तो दिवस रविवारचा. पुढच्या खोलीत सगळे जमले होते. थोरल्यांनी पिशवीतून नारळाचा प्रसाद काढला, सासूबाईंच्या तळहातावर एक तुकडा ठेवला, मग सगळ्यांना दिला. मलाही दिला. मग खाली बसून, धोतराची धूळ झटकत म्हणाले, "देवान उजवो दिल्यान. माझ्याच नावान."

 मग एकेक जण त्यांच्या पाया पडू लागला. त्या पाया पडण्यात दुःख किती आणि सुटका किती, हे मला दिसत होतं, कारण माझ्यातही तेच चाललं होतं. सासूबाईंनी तो नारळाचा तुकडा कपाळाला लावला आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी थोरले मानखुर्दला आपल्या भाचीकडे गेले. खाडीच्या बाजूला वस्ती होती, पत्र्याची झोपडी, आत पाच माणसं. तिथे माणसं मोजायला कोणी येत नव्हतं. जाताना ट्रंक खांद्यावर घेऊन ते मला म्हणाले, पोरी, नव्या खोलीत पाख्याला भोक आहे एक, पावसाच्या आधी कौल बदलून घ्या.

दारावर सहाचा आकडा रंगवला गेला. लायसन आलं. आमच्या खोलीला दार होतं, कडी होती. मी सुखी झाले. हे मी सरळ लिहिते, कारण ते खरं आहे. वर्षभरात मला मुलगी झाली.

टाळेबंदी उठली तेव्हा थोरले गेटवर वेळेत पोचले होते, ही बातमी आम्हाला मोठ्या आनंदाने कळली. पण पहिल्या पाळीला मानखुर्दहून मुलुंड म्हणजे अंधारात निघायचं, कुर्ल्याला गाडी बदलायची. त्यांचा खोकला वाढला. पाळीवरून कधी आमच्या अंगणात टेकायचे, तेव्हा सासूबाई त्यांच्यासमोर ताट वाढून उभ्या राहायच्या. एवढं वाढायच्या की ते संपत नसे. खोकल्याची ढास लागली की त्या आत निघून जायच्या आणि मला म्हणायच्या, जा, पाणी दे. स्वतः दिलं नाही कधी. मला वाटायचं, बाईंना थोरल्यांची कीव येते. कीव नव्हती ती.

मुलीला दात येत होते त्या सुमाराला गावचा गुरव मुंबईत आला. मोतीबिंदू काढायला म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात. गावचं कोणी आलं की एक जेवण आमच्याकडे, हा शिरस्ता. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून तो पाटावर बसला होता, सासूबाई वाढत होत्या, मी मुलीला मांडीवर घेऊन समोर. बोलता बोलता मी म्हटलं, तुमच्याच कौलाने आमच्या घरातला माणूस गेला हो. मी थट्टेत म्हटलं होतं.

गुरवाचा घास थांबला. "कौल? खंयचो कौल?" तो म्हणाला. "तो इलो, नारळ ठेवल्यान, खांबाक टेकान बसलो. मी म्हटलंय, गाराणा घालू? तर म्हणता, नको. तरण्या पोराचा नाव इला तर तेच्या तोंडार मी कसा सांगू? देवाक कशाक तरास. नि गेलो."

मी सासूबाईंकडे बघितलं. मला वाटलं, त्यांच्या हातातली कढीची वाटी पडेल. ती पडली नाही. त्यांनी गुरवाच्या पानात भात वाढला, त्यावर कढी वाढली, आणखी हवं का विचारलं. आश्चर्य वाटलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

गुरव गेल्यावर त्या मला घेऊन मागे अंगणात आल्या. म्हणाल्या, माका ठाऊक होता. कौल लावला की पडलेली कळी प्रसाद म्हणून आणतात, रुमालात बांधून, आणि ज्याने विचारायला सांगितलं त्याच्या हातावर देतात. माहेरी-सासरी जन्मभर त्यांनी हेच पाहिलं होतं. त्या रविवारी थोरल्यांनी हातावर नारळ ठेवला आणि त्या कळीची वाट पाहत राहिल्या. कळी आली नाही. तेव्हाच त्यांना कळलं की देवाला कोणी काही विचारलेलंच नाही. एक शब्द बोलल्या असत्या तर सगळं परत पहिल्यापासून सुरू झालं असतं. सात माणसं, सहाचं लायसन, आणि निवाडा त्यांच्या तोंडून. म्हणून त्यांनी मूठ मिटली आणि ती कपाळाला लावली. "माझ्या घोवाक खांदो दिल्यान त्या माणसान," त्या म्हणाल्या, "आणि मी तेका गप रवान भायर काढलंय."

त्या रडल्या नाहीत. मलाच रडू आलं, आणि त्याचा त्यांना राग आला.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वॉर्ड ऑफिसला निघाल्या. लिहायला-वाचायला न येणारी बाई, मी बरोबर. साहेब तेच होते. सासूबाईंनी विचारलं, सहाचे सात करायला काय लागेल? साहेबांनी कागद काढला, खोलीचा नकाशा पाहिला आणि म्हणाले, मागच्या भागाला नियमाप्रमाणे खिडकी पाडली तर, पाखा उतरता असला तरी, तिथे आणखी एका माणसाची परवानगी देता येईल. फक्त तो भाग मग घरच्या वापराला राहणार नाही. पहिल्या वेळी हे आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं.

सासूबाई पदर सावरून उठल्या. ऑफिसातून बाहेर आलो, पाच रस्त्यापर्यंत चालत आलो, तरी त्यांनी तो विषय काढला नाही. त्या मागणार नाहीत हे मला कळत होतं. आयुष्यात कुणाला जा म्हणता न आलेली बाई सुनेला तरी कसं म्हणणार? शेवटी मीच म्हटलं की आम्ही पुढच्या खोलीत येतो. पूर्वी होतोच की. बोलले, आणि शब्द मागे घेतले नाहीत. त्यांनी भर रस्त्यात माझा हात धरला. तसा त्यांनी पूर्वी कधी धरला नव्हता.

आधी जागा करायची, मग बोलावणं धाडायचं, असा त्यांचा हट्ट. माझ्या नवऱ्याने गवंडी आणला. पाख्याखालची भिंत फोडून खिडकी बसवली, गज लावले. दोन दिवस सगळं घर धुळीने पांढरं. त्या खोलीत पहिल्यांदा ऊन आलं, मागचा डोंगर दिसला. मुलगी गज धरून उभी राहायला शिकली. मी आमचं सामान बांधून ठेवलं. लायसनात सातवा माणूस चढवून घेतला.

मग एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी मानखुर्दला गेलो. भरतीच्या पाण्याला लागून वस्ती होती, मधल्या वाटेवर विटा टाकलेल्या. थोरले झोपडीबाहेर स्टुलावर बसले होते. इतके वाळले होते की क्षणभर मला वाटलं, हा दुसराच कुणी आहे. आम्हाला बघून त्यांना कोण आनंद झाला. भाचीला चहा टाकायला सांगितलं, माझ्या मुलीला का आणलं नाही म्हणून रागावले.

सासूबाईंनी वेळ लावला नाही. सातवी जागा झाली आहे, रीतसर, लायसनात. कॉट घालून ठेवली आहे. आजच चला.

थोरल्यांनी ऐकून घेतलं. चहाची बशी खाली ठेवली. मग हसून म्हणाले, "वयनी, देवान दिलेलो कौल मोडूचो नसता. तुमका ठाऊक नाय काय?"

  देवाने काही दिलं नव्हतं, एवढं एकच वाक्य सासूबाईंनी म्हणायचं होतं. पण ते म्हणायचं म्हणजे, तुम्ही देवाच्या नावावर खोटं बोललात, हे त्या माणसाला त्याच्या भाचीसमोर सांगायचं. आणि लगेच पुढचं वाक्य यायला हवं होतं की मला ते तेव्हाच कळलं होतं, तरी मी तुम्हाला जाऊ दिलं. पहिलं वाक्य बोलायची सासूबाईंची हिंमत होती की नाही, मला माहीत नाही. दुसरं बोलायची नव्हती. त्यांचे ओठ हलले आणि थांबले. थोरल्यांनी ते पाहिलं. त्यांनी विषय बदलला, मुलीला किती दात आले विचारलं.

येताना कुर्ल्याला गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो. सासूबाई म्हणाल्या, त्यांना कळलंय की मला ठाऊक आहे. मला लाज वाटू नये म्हणून त्यांनी पुन्हा देवाचं नाव घेतलं. मी म्हटलं, परत जाऊन सांगू या का? त्यांनी नको अशी मान हलवली आणि गाडी आली तशा उठल्या.

थोरले पुढच्या हिवाळ्यात गेले, मानखुर्दलाच. फंडाचे कागद व्हायचे होते. सासूबाई मयतीला गेल्या आणि परत आल्यावर मागच्या आमच्या खोलीच्या दारातून आत आल्या नाहीत. नंतर कधीच आल्या नाहीत. काही हवं असलं तर बाहेरून हाक मारायच्या.

आणि माझं म्हणाल, तर मानखुर्दहून त्या दिवशी घरी आले, बांधून ठेवलेलं सामान पाहिलं आणि नवरा काही विचारायच्या आत मी ते सोडायला बसले. आमची खोली राहिली होती, आता खिडकीसकट. चादर अंथरताना माझा हात भरभर चालत होता. मला हायसं वाटत होतं. पलीकडे स्वयंपाकघरात पडद्याआड सासूबाई अंधारात बसून होत्या, दिवा लावायलाही उठल्या नव्हत्या, हे मला माहीत होतं, तरी वाटत होतं.